दिसते तेच इचारावं

माझी बदली मालेगावला झाली, तेव्हा पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांनी भराभर नाशिककडच्या मालेगावची माहिती काढून ठेवली. हे ते नव्हे, हे मालेगाव जहांगीर, वाशिम जिल्ह्यातलं, हे पटवण्यात माझे निघण्याआधीचे दिवस गेले. एका आत्याने तर "म्हणजे आणखीनच लांब!" म्हणून डोळ्याला पदर लावला. असा निरोप घेऊन निघालेली मी, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात गादीची वळकटी आणि अंगभर घाम, अशा थाटात घरमालकांच्या फाटकाशी येऊन उभी राहिले. आत खुर्ची टाकून एक उंच, वाळके गृहस्थ बसले होते. त्यांनी मला, बॅगेला आणि वळकटीला नीट पाहून घेतलं आणि विचारलं,

"आले काय?"

यावर माणसाने काय बोलावं? मी पुण्याची. असल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणं आमच्याकडे कमीपणाचं समजतात.

"नाही, अजून पुण्यातच आहे. सामान तेवढं पुढे पाठवलंय," मी म्हटलं.

गृहस्थ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मान कलती करून, भाजीत मीठ बरोबर पडलंय का ते बघावं तसे क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बरं हाय. पन याचं उत्तर 'हाव, आली' असं राह्यते." आणि उठून त्यांनी वळकटी खांद्यावर घेतली.

हे आमचे काकाजी. गावात त्यांना कंट्रोलर म्हणत, कारण उभी नोकरी त्यांनी एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून, म्हणजे चौकशीच्या खिडकीत काढली होती. चौकशीच्या खिडकीतला माणूस आपल्याला माहीत आहे. आपण काही विचारायच्या आधीच तो चिडलेला असतो. पण काकाजींची ख्याती उलटी होती. समोर अकोल्याची पाटी लावून गाडी उभी आहे, माणसाने ती पाटी वाचलेली आहे, तरी तो खिडकीशी येऊन विचारतो, "अकोल्याची गाडी लागली काय?" आणि काकाजी आतून म्हणतात, "हाव, लागली." त्यानंतर दुसरा येतो आणि तेच विचारतो. त्यालाही "हाव, लागली."

"तुम्हाला कधी वैताग नाही आला?" मी एकदा विचारलं.

"कायचा वैताग? थ्याले दिसत नव्हतं काय? दिसत होतं. पन घरून निंगालेला मानूस राह्यते, संगं लेकरू राह्यते, गठुडं राह्यते. कोनी हाव म्हटलं का थ्याचा जीव खाली बसते."

निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, पण आवाज सुटला नाही. मी बँकेत जायला निघाले की ते खुर्चीतून घोषणा करत, "बँकेकडे जाणारी म्याडम थोड्याच वेळात फाटकावरून सुटेल!" घोषणेपुरती त्यांची भाषा एकदम सरकारी होई. पाण्याची टाकी वाहू लागली की, "टाकी भरलेली आहे, भाडेकरूंनी मोटर बंद करावी!" पहिल्या आठवड्यात मला शरमेने मेल्यासारखं झालं. पुढे पुढे घोषणा झाल्याशिवाय पाय निघेना.

रस्त्यापलीकडे एका चाचांचं शिलाईचं दुकान होतं. सकाळी त्यांनी शटर वर केलं, की काकाजी इकडून ओरडत, "दुकान खोले क्या चाचा?" चाचा तिकडून म्हणत, "हौ काकाजी, खोल दिया. बैठे क्या?" "हाव, बसलो." झालं. दोघांची दिवसातली महत्त्वाची चर्चा संपली. दोघे समाधानाने आपापल्या कामाला लागत. काकाजींचं काम म्हणजे बसणं.

मला हे सगळं सुरुवातीला खुळेपणाचं वाटे. वऱ्हाडात सगळेच असं विचारतात, हे खरं. धुणं धुणारीला "धुनं धुऊन राह्यली काय", जेवणाऱ्याला "जेवून राह्यले काय". पण बाकीचे लोक सवयीने विचारत, काकाजी तत्त्व म्हणून. ते तत्त्व त्यांनी मला एका पाहुणीच्या निमित्ताने सांगितलं. मानोऱ्याकडची त्यांची कुणी लांबची वहिनी आली होती. मला पाहिल्यावर तिने पहिला प्रश्न टाकला, "लग्न काहून नाई केलं अजून?" मी उत्तर शोधत होते तोवर काकाजी खुर्चीतून गरजले.

"वहिनी, थे दिसून राह्यलं काय तुमाले?"

"काय?"

"तिचं लग्न."

"नाई बाप्पा."

"मंग कायले इचारता? दिसते तेच इचारावं. पोरगी चहा पेऊन राह्यली. 'चहा पेऊन राह्यली काय' इचारा. तिले हाव म्हनता येते."

वहिनी रागावून आत गेल्या. मी कपात बघून हसू दाबलं. पण त्या दिवसापासून मी खुळेपणा हा शब्द मागे घेतला.

आणि एका संध्याकाळी तर मला त्या तत्त्वाचा हिशेबाबाहेर उपयोग झाला. बँकेतून घरी येताना वाटेत एक फोन आला होता. फाटकाशी पोचले तेव्हा माझे डोळे सुजलेले होते आणि ते लपवण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं.

"आली काय?" काकाजींनी विचारलं.

"हो, आले."

"रडून राह्यली काय?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. आपली खुर्ची माझ्याकडे सरकवून ते स्वतः पायरीवर बसले. पलीकडे चाचांचं मशीन चाललं होतं. रस्त्याने सोयाबीन भरलेला एक ट्रॅक्टर गेला. काकाजी म्हणाले, "टॅक्टर गेला." मी म्हटलं, "हो, गेला." असे आम्ही दिवे लागेपर्यंत बसलो. कशासाठी रडत होते ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही ते इथे सांगत नाही.

काकाजींना दोन मुलगे. थोरला पुण्यात, धाकटा हैदराबादला. दोघेही चांगले, रोज फोन करणारे. काकू जाऊन दोन पावसाळे झाले होते आणि म्हातारा एकटा राहतो हे दोघांना सलत होतं. त्यातच काकाजी न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण तेवढं निमित्त पुरलं. दिवाळीच्या आत घर विकायचं आणि बाबांनी दोघांपैकी एकाकडे कायमचं राहायला यायचं, असं ठरलं. कुणाकडे, ते बाबांनी सांगायचं.

काकाजींनी वाद घातला नाही. पुन्हा पडलो तर उचलणार कोण, हे त्यांनाही कळत होतं. फक्त एक अट घातली.

"पोरगी द्याची तं लोक घर पाह्यतात. मी मले देऊन राह्यलो, तं मी गाव पाहीन."

घर पाहणार नाही, कारण पोरगे आपलेच, तिथे पाहायचं काय? पाहायचं ते बाहेरच्यांना. दिवसभर पोरं कामावर, सुना कामावर, नातवंडं शाळेत. दिवस काढायचा तो फाटकाशी. आणि फाटकाशी आपण "आले काय" म्हटल्यावर समोरचा काय म्हणतो, यावर माणसाचं उरलेलं आयुष्य जाणार. हे त्यांनी मला अगदी सरळ सुरात सांगितलं. आम्ही सगळे त्यांच्या परीक्षेला हसत होतो, पण त्या माणसाच्या पायाखालची जमीन जात होती आणि दुसरी कुठे मिळते ते तो चाचपून बघत होता.

मोठ्या शहरांबद्दल त्यांची मतं आधीपासून होती. नोकरीत असताना कामानिमित्त ते मुंबईला जाऊन आले होते. तिथे भर पावसात दुकानाच्या वळचणीला उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी विचारलं होतं, "पाऊस सुरू झाला काय?" त्याने उत्तर दिलं नाही, तोंडाकडे पाहिलंही नाही, पण छत्री उघडून निम्मी यांच्या डोक्यावर धरली आणि रस्ता ओलांडून दिला. "मुंबईचा मानूस हातानं बोलते," असा त्यांचा निकाल. नागपूरबद्दल ते म्हणत, "तिथं उत्तर भेटते, पन आधी शिवी भेटते. थे चालते. शिवी आपल्याच मानसाले देतात." मात्र या दोन्ही गावी मुलगे नव्हते, त्यामुळे ती स्पर्धेबाहेर.

आधी ते पुण्याला गेले. परत आले ते माझ्यावर दात धरून.

"तुह्या पुन्याचे लोक!" फाटकातून आत येता येताच त्यांनी सुरू केलं. "खाली एक म्हातारा रोज स्कूटर पुसते. म्या म्हटलं, 'स्कूटर पुसून राह्यले काय?' तं म्हने, 'नाही, तिला गुदगुल्या करतोय.'"

मला हसू आवरेना. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? दुसऱ्या दिवशी थो पेपर वाचून राह्यला होता. म्या म्हटलं, 'पेपर वाचून राह्यले काय?' म्हने, 'नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून धरून ठेवलाय.'"

"चांगलं उत्तर आहे."

"उत्तर चांगलं हाय, पन थे मले नाई दिलं. थे थ्यानं सोताले दिलं. बोलून झाल्यावर माह्याकडे पाह्यलंबी नाई."

मी माझ्या गावाची बाजू घेतली. म्हटलं, आमच्याकडे आधी वाकडं बोलतात, पण पत्ता विचारलात तर चुकीचा सांगणार नाहीत. वेळ देत नाहीत, पण दिली तर पाळतात. काकाजी म्हणाले, "पाळू दे. मले वेळ नाई पायजेन, वेळ माह्यापाशीच लय हाय." यावर उत्तर शोधण्यात माझा उरलेला दिवस गेला.

मग वाशिमहून रेल्वेने हैदराबाद. तिथून आले ते उजळून. तिथे जो तो भेटला की "खाना हो गया क्या अंकल" विचारतो. वॉचमन विचारतो, भाजीवाली विचारते, शेजारची तेलुगू बाई तर तिच्या भाषेत विचारून मग हाताने घास करून दाखवते. रिक्षावाला "आओ चचा, बैठो" म्हणतो. काकाजींनी खात्री करण्यासाठी एकदा वॉचमनला मुद्दाम सांगितलं, "नाई झाला खाना." तर तो आपला डबा उघडून समोर बसला. काकाजी भरल्या पोटी त्याच्या डब्यातला भात खाऊन आले.

"म्हणजे हैदराबाद ठरलं," मी म्हटलं.

"गाव म्हनून तेच एक नंबर," काकाजी म्हणाले. चाचांनीही रस्त्यापलीकडून मान डोलावली, कारण त्यांचे साडू हैदराबादचे होते.

पण ठरलं असं काकाजी म्हणेनात. दिवाळी जवळ येत होती. घर बघायला गिऱ्हाइकं यायला लागली. ती माणसं भिंतींवर टिचक्या मारून बघत आणि काकाजी त्यांना विचारत, "भिंत पाहून राह्यले काय?" एका दुपारी मी सुट्टी घेऊन घरीच होते. पायरीवर बसून आम्ही भुईमुगाच्या शेंगा सोलत होतो, तेव्हा ते आपणहून बोलले.

"हैदराबादच्या घरी सारे मले जपतात. सून दर घडीले इचारते, 'बाबा, काय विचार करताय? मनात काय चाललंय?' चांगल्या मनानं इचारते. पन मी काय सांगू? आतलं काढून दाखवाले आपल्याले येते काय?"

मी शेंगा सोलत राहिले.

"तुही काकू गेली तवा सारं गाव आलं. धनजहून तिच्या माहेरचे आले. येनारा दारात उभा राहे अन् म्हने, 'गेल्या काय काकू?' मी म्हनो, 'हाव, गेली.' तेवढंच मले म्हनता येत होतं. कशी गेली, काय झालतं, कोन्या डाक्तरले दाखवलं, एकानंबी नाई इचारलं. थे इचारलं अस्तं तं मी तिथंच बसलो अस्तो." शेंगेतले दाणे त्यांनी ताटात टाकले. "मंग बाहेरगावचे फोन आले. थे सारे तेच इचारत. म्या फोनच ठेवून देल्ला."

एवढं बोलून त्यांनी पुढची शेंग घेतली. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त लाज वाटली. त्यांना फोनवर तेच प्रश्न विचारणाऱ्यांत आमच्या शहरातले कोण कोण असतील, असं मनात आलं. आणि मी तरी काय वेगळं विचारलं असतं?

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या नातवाचा वाढदिवस आला म्हणून ते पुन्हा एकदा पुण्याला गेले. तिथून फोनवर त्यांनी चाचांना निरोप दिला, की आपलं ठरलं, पुणं. चाचा शिलाई सोडून धावत मला सांगायला आले. "कंट्रोलर का दिमाग चल गया," असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

काकाजी सामान बांधायला परत आले तेव्हा मी त्यांना गाठलं. घर कसं विकलं, कितीला विकलं, काही विचारलं नाही. नियम आता मलाही पाठ होता. एवढंच म्हटलं, "पुण्याला चालले काय?"

"हाव, पुन्याले." खुर्चीत बसून त्यांनी मला सविस्तर सांगितलं.

पुण्यात त्यांना ताप भरला होता. घरातले सगळे कामावर गेलेले. काकाजी पुण्यातही दिवसा दार लावू देत नसत, कारण वऱ्हाडात भर दिवसा दार लागलं म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलेलं असतं. सुनेने त्यावरून पुष्कळ वाद घातला होता आणि शेवटी जाळीच्या दारावर तडजोड झाली होती. तर त्या जाळीतून खाकरल्याचा आवाज आला. स्कूटरवाला म्हातारा जिना चढून वर आला होता आणि धापा टाकत उभा होता.

"मले गोधडीत पाह्यलं," काकाजी म्हणाले, "अन् जाळीतूनच इचारते, 'आजारी पडलात काय?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हटलं, 'नाई. गोधडी वाऱ्यानं उडू नये म्हून धरून राह्यलो.'"

हे सांगताना काकाजी इतके हसले, की त्यांना ठसका लागला. म्हातारा आधी चमकला, मग खुर्ची ओढून बसला आणि संध्याकाळी सून येईपर्यंत हलला नाही. जाताना म्हणाला, खाली कुणी काही विचारायला नाही म्हणून सकाळी स्कूटर पुसायला मजा येईना. रात्रीच उत्तर जुळवून ठेवतो आणि सकाळी प्रश्नच येत नाही.

"एकटा हाय थो. बायको नाई, लेकरं परदेशात," काकाजी म्हणाले. "हैदराबादले साऱ्यांचं माह्याशिवाय चालते. सारे गोड हायेत, थे मी नसलो तरी गोडच राह्यतीन. इथं एक मानूस माही वाट पाहून राह्यला." मग एकदम त्यांना आठवलं. "अन् बायको-लेकरांचं मी नव्हतं इचारलं. थे थ्यानंच सांगतलं."

निघायच्या दिवशी गल्ली जमली. जो तो पुढे येऊन विचारत होता, "चालले काय काकाजी?" आणि ते प्रत्येकाला सांगत होते, "हाव, चाललो." कुणाला टाळलं नाही, कुणाला घाईत उरकलं नाही. खुर्ची चाचांच्या दुकानात गेली. मुलाने गाडी सुरू केली. मी वाट बघत होते की आता घोषणा होईल, पुण्याकडे जाणारे अमुक तमुक. काकाजींनी काचेतून हात बाहेर काढला, तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. तेव्हा रस्त्याच्या मधोमध उभं राहून चाचांनी आपल्या फाटक्या आवाजात सांगितलं, "पूना जानेवाली गाड़ी छूट रही है!" काकाजी मला म्हणाले, "येजो पोरी," आणि गाडी वळली.

पुढे माझीही बदली पुण्याला झाली. शहर एक असलं तरी त्यांचं घर एका टोकाला आणि माझं दुसऱ्या, त्यामुळे जाणं कमीच व्हायचं. गेले, की फाटकाशी दोन खुर्च्या दिसत. मी आत शिरायच्या आधी काकाजी विचारत, "आली काय?" आणि मी "हाव, आली" म्हणायच्या आत स्कूटरवाले म्हणत, "नाही, हिचा फोटो आलाय." मग काकाजी माझ्याकडे बघत, जणू हा म्हातारा त्यांनीच शिकवून तयार केला होता. सोसायटीतली माणसं येता-जाता दोघांना मुद्दाम काही विचारू लागली होती. कुणी सरळ उत्तर घेऊन जाई, कुणी वाकडं. ज्याला जे हवं ते मिळे.

काकाजी गेल्याचं मला थोरल्या मुलाने फोन करून कळवलं. दुपारी झोपले होते, उठले नाहीत. मी रिक्षाने निघाले. वाटभर मनाशी घोकत होते, फाटकाशी कुणी भेटलं तर "गेले काय काकाजी" एवढंच विचारायचं, बाकी काही नाही. मालेगावला हे कुणालाही जमलं असतं.

फाटकाशी स्कूटरवाले होते. स्कूटरचा एकच आरसा ते फडक्याने पुसत होते. पुन्हा पुन्हा तोच. शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा आरसा पुसायला घेतला. माझ्याही तोंडून ते तीन शब्द निघेनात. शेवटी जे दिसत होतं तेच मी विचारलं.

"स्कूटर पुसून राह्यले काय?"

त्यांचा हात थांबला. मी उत्तराची वाट बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "पुसतोय."